उशाकडची ओल

ता. ९ ऑक्टोबर

तीन पत्रं टाकली मी, आणि उत्तर आलं दोन ओळींचं, तेही पेन्सिलीने. दोन ओळींसाठी पाकीट कशाला वाया घालवलंस? कोणाच्या तरी हाती निरोप धाडायचास. आणि त्या दोन ओळींत काय, तर म्हणे यंत्र पाठवते. कसलं यंत्र, कशाला यंत्र, काही धड नाही. त्याचं नाव लिहिलंस ते मला वाचता आलं नाही. मी पडले तिसरी शिकलेली, पण पोस्टमनलाही वाचता आलं नाही.

आता रीतीने लिहिते. चि. चिमटीस, आजीचे अनेक आशीर्वाद.

म्हाताऱ्याचा खोकला तसाच आहे. तसाच म्हणजे वाढलेला. पूर्वी खोकून झालं की तो एक शिवी द्यायचा, आता शिवीपुरता दम उरत नाही. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर वाकून कापडाची लव छातीत भरून घेतली, ती आता वसूल होते आहे. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. त्यांनी छातीच्या आधी भिंत तपासली. पलंगाच्या उशाकडच्या भिंतीला बोट लावलं, नाकाशी नेलं, आणि मला म्हणाल्या की या खोलीत धडधाकट माणूस ठेवला तरी महिन्याभरात खोकू लागेल. माझ्याकडे बघून म्हणाल्या, जसं काही मीच भिंतीवर तांबे ओतते.

पाऊस जाऊन महिना झाला. बाहेर धूळ उडते आणि घरात मीठ बरणीत पाझरतं. तीन काड्या मोडल्या तर चौथी पेटते. कपाटातल्या चपलांना पांढरी मिशी फुटली आहे. शिवायला टाकून गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही तो काळा कोट आहे ना, त्याच्या घडीत हिरवी बुरशी धरली. तुझ्या बापाला कळवलं होतं, तो म्हणतो जमिनीतून ओल चढते. तो नळकाम करणारा माणूस, त्याला पाण्याची जात ठाऊक. तेव्हा जमिनीचीच असणार.

तू लिहितेस की यंत्र हवेतून पाणी काढतं. हवेतून पाणी निघत असतं तर मी जन्मभर हंडे कशाला वाहिले असते? तरी पाठवायचंच असेल तर आधी नीट लिही की ते किती ओरडतं, कुठे ठेवायचं, आणि फुटलं तर काय करायचं.

लोभ असू दे, पण दोन ओळींपेक्षा जास्त.

तुझी आजी


ता. १७ ऑक्टोबर

ती. आजीस, चिमटीचा शि. सा. न. वि. वि.

बोलणी खाल्ली, पोटभर. आता सविस्तर लिहिते.

यंत्राला डीह्युमिडिफायर म्हणतात. तू काहीही म्हण. आमच्या दप्तरखान्यात अशी चार आहेत. तळघरात जुने कागद ठेवलेत, आणि ओल्या हवेत कागदाची गत तुझ्या कोटासारखी होते. रोज सकाळी गेले की आधी ओलाव्याच्या घड्याळाचा काटा बघून वहीत मांडायचा, हे माझं पहिलं काम. म्हणून या एका बाबतीत तरी माझं ऐक.

यंत्रं दोन जातींची असतात. एकात आत थंडगार नळी असते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब सुटतात ना, तसे त्या नळीवर हवेतले थेंब जमतात आणि खालच्या टाकीत गळतात. दुसऱ्यात ओल शोषणारे खडे असतात, ते फार थंड खोल्यांसाठी. तुझी खोली थंड नाही, म्हणून पहिलं घेतलं. दुकानदार सभागृहाला पुरेल असलं धूड गळ्यात मारत होता. दुसऱ्या टोकाला डब्याएवढं एक खेळणं होतं, ते कपाटापुरतं. मी खोलीचं माप सांगितलं, आणि नुसती हवा नाही तर भिंतच ओली आहे म्हणून मापाहून एक पायरी मोठं घेतलं. टाकी चार लिटरची आहे, कडीची, तुला एका हाताने उचलेल. भरली की यंत्र आपोआप थांबतं आणि लाल दिवा लागतो. आजोबांना झोप लागायला हवी म्हणून दुकानात मी त्याला कान लावून पाच मिनिटं उभी होते. जुन्या पंख्याएवढाच आवाज आहे.

आल्याबरोबर चालू करू नकोस. दिवसभर उभं ठेव, मग बटण दाब. भिंतीपासून वीतभर लांब असू दे. सोबत घड्याळ आहे, त्याचा काटा पन्नासच्या आसपास यायला हवा. चाळिसाच्या खाली नेऊ नकोस, आजोबांचा घसा सुकेल. मागची जाळी पंधरा दिवसांनी धू. टाकीतलं पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण ते कोणी प्यायचं नाही आणि आजोबांना त्याची वाफही द्यायची नाही. फरशी पूस त्याने.

बाबा बरे आहेत. सध्या विसाव्या मजल्यावर नळ घालतात. आई गेल्यापासून बोलतात कमीच, त्यात आता घरी येतात तेही थकून. यंत्राचं सांगितलं तेव्हा जेवत होते. म्हणाले यंत्र कशाला, भिंतीला ओल अडवणारा रंग लावून घ्या. मग कुठली भिंत म्हणून विचारलं. उशाकडची, असं सांगितलं. ते हात धुवायला उठले. पानात निम्मं तसंच होतं.

लोभ आहेच. या खेपेस ओळी मोजून घे.

तुझी चिमटी


ता. २ नोव्हेंबर

चि. चिमटीस अनेक आशीर्वाद.

तुझं धूड पोचलं. दोघांनी आडवं धरून आणलं, मी दारातच उभं केलं, त्यालाही आणि त्यांनाही. दिवसभर कोपऱ्यात शिक्षा झाल्यासारखं उभं होतं. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं. तुझं ते इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसत नाही, मी त्याला पाणप्या म्हणते.

सकाळी लावला आणि दुपारी लाल दिवा. टाकी काढली तर काठोकाठ. एवढं पाणी त्या खोलीत म्हाताऱ्याच्या नाकातोंडातून जात होतं आणि आम्ही त्याला काढे पाजत होतो.

पण काटा चौऱ्याऐंशीवर होता तो अठ्ठ्याहत्तरवर आला आणि तिथेच बसला. आज पाच दिवस झाले. दोन्ही खिडक्या उघड्या ठेवल्या आहेत, आजाऱ्याला वारा हवा. दांडीवर धुणंही तिथेच घालते, म्हटलं पाणप्या आहेच तर तेही वाळेल. तुझ्या दुकानदाराने तुला बनवलं असं माझं मत झालं आहे.

म्हाताऱ्याचं नवल सांगते. शेजारची कुकरची शिट्टी ज्याला सहन होत नाही, त्याला या घरघरीचं काही नाही. उलट मी खोलीत शिरले की बोटाने खुणावतो, मोठा कर म्हणून. जन्मभर शिवणयंत्र ऐकलं, कानाला घरघर लागत असेल.

तुझ्या बापाला म्हणावं, आईबापाला पत्र लिहिलं तर बोटं झिजत नाहीत.

लोभ ठेव. आणि दुकानदाराचा पत्ता ठेव.

तुझी आजी


ता. १० नोव्हेंबर

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

खिडक्या उघड्या ठेवून तू अख्ख्या गल्लीची हवा वाळवते आहेस. पाणप्या बिचारा एकटा, गल्ली केवढी! आणि वर ओलं धुणं. एका हाताने उपसायचं आणि दुसऱ्याने ओतायचं, मग दुकानदाराला नावं ठेवायची.

खिडक्या बंद, दार लोटलेलं. ऊन चढलं की दहा मिनिटं उघड आणि परत लाव. धुणं गच्चीवर. पलंग उशाकडच्या भिंतीपासून हातभर पुढे ओढ. भिंतीला वारा लागल्याशिवाय ती वाळायची नाही आणि आजोबांचं डोकं तिच्याजवळ असणं चांगलं नाही.

आता नीट वाच. पहिला आठवडा यंत्र गादीतलं, उशीतलं, कपाटातलं, चुन्यातलं पाणी ओढेल. ते सरलं की टाकी कमी भरायला हवी. दोन टाक्यांची एक, एकीची अर्धी, दहा-बारा दिवसांत. नाही झाली तर मला लगेच कळव. या ओळीखाली मी रेघ मारली आहे, ती उगीच नाही.

आजोबांना नमस्कार. लोभ असावा, पत्ता मात्र देणार नाही.

चिमटी


ता. ३० नोव्हेंबर

चि. चिमटीस आशीर्वाद.

सगळं तू म्हणालीस तसं केलं. काटा बासष्टवर आला. मीठ मोकळं झालं, काडी पहिल्या फटक्यात पेटते. म्हातारा मागच्या आठवड्यात दोन दिवस उठून बसला, आणि खोकल्यानंतर एक शिवी दिली. मी तर मनात म्हटलं, लागली गाडी रुळावर. डॉक्टरीणबाईंनी तुझं नाव विचारलं.

पण टाकी कमी होत नाही. सकाळी एक, दिवेलागणीला एक. कॅलेंडरच्या मागे रेघा ओढते आहे, तीन आठवड्यांत एक रेघ कमी नाही. इथे बाहेर जमिनीला भेगा पडायच्या बाकी आहेत. एवढं पाणी येतं कुठून?

पलंग मात्र हलला नाही. शेजारचे दोघे बोलावले होते ओढायला. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी पलंगाचा गज धरला आणि सोडेचना. अंगात काडीचा जीव नाही, पण बोटं सोडवता आली नाहीत. इथेच मरू दे म्हणाला. मी म्हटलं मर, पण हातभर पुढे सरकून मर. ऐकत नाही. वर तो कोट मागून घेतला आणि उशाशी खिळ्याला टांगायला लावला. गिऱ्हाईक आलं तर समोर असावा म्हणे. अठरा वर्षांत आलं नाही ते आता येणार. म्हातारपणी बुद्धी अशी होते, तू लक्षात ठेव, माझ्यावर वेळ आली तर तोंडावर सांग.

लोभ असावा. लगेच कळव म्हणालीस, कळवलं.

आजी


ता. ८ डिसेंबर

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आजोबा उठून बसले हे वाचून मी पत्र खिशात घालून दिवसभर हिंडले. पण बाकीचं वाचून जीव थाऱ्यावर नाही.

आजी, बंद खोलीच्या हवेत रोज आठ लिटर पाणी नसतं. ते कुठून तरी येतं आहे. आमच्या तळघरातही एकदा असंच झालं होतं. जमिनीची ओल असती तर सगळ्या भिंतींना खालून धरली असती, पावसात वाढली असती, आता उतरली असती. तुझी एकच भिंत ओली, तीही उशीच्या उंचीवर, तीही कोरड्या दिवसांत. त्या भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे. नळ भिंतीच्या पोटातून गेला आहे.

मी बाबांना विचारलं. जमीनच आहे म्हणाले. मी वरचं सगळं बोलून दाखवलं. ते ऐकत होते आणि बोटाभोवती शर्टाचा सुटलेला धागा गुंडाळत होते. शेवटी म्हणाले की गच्चीवरच्या टाकीखालचा कॉक जुना आहे, आजीला त्याला हात लावू देऊ नकोस, तुटेल. मी कॉकचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

तर एवढं कर. गच्चीवरच्या टाकीखाली न्हाणीघराच्या नळाचा कॉक आहे, तो चार दिवस बंद कर. अंघोळीला पाणी मोरीतल्या नळाचं बादलीने ने. आणि पाणप्याची टाकी किती भरते ते रोज लिही. कमी झाली तर गळती त्या भिंतीतच आहे, आणि मग ती फोडावी लागेल. यंत्र ओल उपसतं, भोक बुजवत नाही.

लोभ असावा, आणि या खेपेस राग नसावा.

चिमटी


ता. १९ डिसेंबर

शहाणपण शिकवतेस कोणाला? बापाच्या कामात खोट काढणारी पोर आमच्या घरात आजवर झाली नव्हती. आशीर्वाद आहेत, ते रागातही असतात.

ते न्हाणीघर कसं झालं ते तुला ठाऊक नाही, तू तेव्हा परीक्षेला बसली होतीस. चार वर्षांपूर्वी म्हातारा अंगणातल्या न्हाणीपाशी घसरून पडला. तुझ्या बापाने हातातलं काम टाकलं, आठ दिवस इथे राहिला आणि खोलीला लागून न्हाणीघर बांधलं, बापाला पलंगापासून सहा पावलांवर. एक पैसा मागितला नाही. भिंतीतले सगळे सांधे त्याने स्वतः जोडले. शेवटच्या दिवशी गवंडी दुपारपासून माल कालवून बसला होता, भिंत बुजवायला. तेवढ्यात सांध्याला गुंडाळायची टेप की काय ती संपली, तर बापलेकांनी घरातल्या घरात भागवलं, पण काम अडू दिलं नाही. मी उभी राहून करवून घेतलं. नळ सोडला तेव्हा म्हाताऱ्याने धारेखाली हात धरला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

मी असलं काही बंद करणार नाही आणि फोडणार नाही. परक्या प्लंबरला तर उंबरा चढू देणार नाही. लोक काय म्हणतील, पोरगा नळवाला आणि आईच्या घरात गळतं? दोन टाक्या भरतात तर मी ओतीन दोन टाक्या. माझे हात आहेत.

म्हातारा आठवडाभर पुन्हा निजूनच आहे. थंडी बाधली.

लोभ जपून वापर.

आजी


ता. २ जानेवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तू पाणी ओतशील, पण आजोबा ते आधी श्वासातून घेतात आणि मग पाणप्याच्या टाकीत येतं. एवढंच लिहायचं होतं.

बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. वाचत मी टेपपर्यंत आले तेव्हा त्यांनी मला थांब म्हटलं. तेवढ्यावर बाहेर गेले, ते तासाभराने आले. मार्चमध्ये काम संपलं की येऊन बघतो म्हणाले. मार्च फार लांब आहे. आजी, कॉक बंद कर. माझ्यावर रागाव, पण बंद कर.

चिमटी


ता. २७ जानेवारी

चि. चिमटीस आशीर्वाद.

म्हाताऱ्याला दवाखान्यात हलवून नऊ दिवस झाले. नाकाला नळी आहे. मोठे डॉक्टर म्हणाले की छातीत बुरशीने घर केलं आहे. मी विचारलं की भिंतीमुळे का. ते म्हणाले की जुनी छाती आहे, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, पण त्या खोलीत त्याला परत न्यायचं नाही. डॉक्टर लोक असंच गुळमुळीत बोलतात. मला समजलं.

खोली रिकामी झाली. मग मी गच्चीवर गेले आणि कॉक बंद केला. तुटलाबिटला नाही. लोण्यासारखा फिरला.

पहिल्या दिवशी पाणप्याने दोन टाक्या दिल्या. दुसऱ्या दिवशी दीड. तिसऱ्या दिवशी पाऊण. चौथ्या दिवशी टाकीच्या तळाला हाताच्या ओंजळीएवढं पाणी. मी पुन्हा कॉक सोडला, खात्री करायला. दोन दिवसांत टाक्या पुन्हा दोन. परत बंद केला. कॅलेंडरवर रेघा आहेत, येशील तेव्हा बघ.

तुझं खरं होतं. मी डिसेंबरात ऐकायला हवं होतं. हे एकदाच लिहिते, पुन्हा पुन्हा लिहून घेऊ नकोस.

काल म्हाताऱ्याच्या कानाशी बोलले, की भिंतीत गळती आहे, आम्हांला कळलं. त्याने डोळे मिटून घेतले. मग नळी बाजूला करून विचारलं, पाणप्या चालू आहे ना, मोठा ठेव. शुद्धीत नाही, दुसरं काय.

तुझ्या बापाला घेऊन ये. मार्चची वाट बघू नका.

आजी


ता. ३१ जानेवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

निघतो आहोत. बाबांनी हत्यारांची पिशवी भरली, मग एकेक काढून परत पलंगाखाली ठेवलं. हे पत्र कदाचित आमच्या मागून पोचेल.

चिमटी


ता. ४ मार्च

चिमटे, तुझा बाप माझ्या घरात पाच दिवस राहिला आणि एकदाही न्हाणीघरात गेला नाही. अंगणात अंघोळ केली, जिथे त्याचा बाप पडला होता तिथे. बापाला स्मशानात पोचवून आल्यावर त्या खोलीत भिंतीकडे पाठ करून बसला आणि सहाव्या दिवशी कामाचं निमित्त काढून गेला. मी तेव्हा बोलले नाही, घरात माणसं होती. आता बोलते.

तुला आशीर्वाद. तू चार दिवस जास्त राहिलीस, त्याचे वेगळे.

तू गेल्यावर मी पलंग ओढला. हलका झाला आहे, मीच ओढला. कोट खिळ्यावरून काढला. कोटामागे भिंतीला परातीएवढा काळा डाग, आधी उशीआड आणि वाढल्यावर कोटाआड झाकलेला, चुना फुगून पापुद्रे सुटलेले. आणि डागाच्या कडेने शिंप्याच्या खडूच्या रेघा. कापडावर माप आखतात तशा, बारीक, सरळ. प्रत्येक रेघेशी तारीख. सगळ्यांत आतली रेघ गेल्या वर्षीच्या मार्चमधली. मग एप्रिल, मग जून, डाग वाढेल तशी रेघ बाहेर. शेवटची जानेवारीतली, दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवसाची, ती वाकडी आहे. जवळजवळ वर्षभर तो पडल्यापडल्या हात मागे करून ओल मोजत होता, आणि मी त्याला हट्टी म्हणत होते.

भिंतीला कान लावला. कॉक सोडून लावला. आत थेंब पडतो. पडतो, थांबतो, पडतो. दुपारी घर शांत असलं की उशीवरून लख्ख ऐकू येत असणार. म्हणून पाणप्या मोठा ठेवायचा. मला ऐकू येऊ नये म्हणून.

मग मी हातोडा घेतला. शेजारीण म्हणाली माणूस बोलावू या. मी म्हटलं माणूस होता. टाइल फोडली, गिलावा पाडला, दीड दिवस लागला. नळाचा कोपऱ्यातला सांधा मोकळा केला. त्याला टेप नाही. त्याला दोरा गुंडाळला आहे. निळा, कोटाच्या बटणांचा जाड दोरा, मेण लावलेला. अर्धा कुजून शेवाळ झाला आहे, अर्धा अजून निळा आहे.

आणि मला सगळं आठवलं. तुला मी डिसेंबरात मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं ना, की घरातल्या घरात भागवलं. हेच ते भागवणं. टेप संपली तेव्हा तुझा बाप म्हणाला होता की हा एक सांधा उद्या करू, भिंत उघडी राहू दे. मी म्हटलं की एक दिवससुद्धा माझ्या घराला भगदाड चालणार नाही, गवंडी आलाय, माल कालवलाय, आजच्या आज बुजवा. लेकाचं तोंड उतरलं म्हणून म्हाताऱ्याने आपला डबा उघडला. बटणाचा दोरा काढला, मेणावरून ओढला, आणि म्हणाला की याने वजनदार कोटाचं बटण वीस वर्षं हलत नाही, तुझा नळ काय हलेल. लेकाने गुंडाळला, बापाने टोक धरलं. दोघं हसत होते. मीही हसले असेन.

म्हणजे म्हाताऱ्याला ठाऊक होतं की दोरा त्याचा. बोलला असता तर भिंत फुटली असती, दोरा निघाला असता आणि गावभर लेकाचं नाव खराब झालं असतं. नाही बोलला. छातीवर घेतलं. आणि तुझ्या बापाला ठाऊक होतं, तू उशाकडची भिंत म्हणालीस त्याच दिवशी. तोही नाही बोलला. बोलला असता तर बापाचा दोरा निघाला असता. एकमेकांना झाकत बसले दोघं, आणि मी मध्ये टाक्या ओतत होते. मला तर दोघांनीही सांगितलं नाही, कारण मी ओरडले असते. ओरडलेच असते. त्यात खोटं नाही.

हे तुझ्या बापाला वाचून दाखव. सगळं, गाळायचं नाही. त्याला सांग की ती भिंत तिघांनी मिळून बुजवली. एकाने दोरा दिला, एकाने गुंडाळला, एकीने घाई केली. एक गेला. उरलेल्या दोघांतल्या एकाने असं अंगणात अंघोळ करून पळून जायचं नसतं. मी पळाले नाही, आणि माझे पाय त्याच्यापेक्षा जुने आहेत.

पाणप्या चालू आहे. काल दिवसभर चालून तळाला घोटभर पाणी आलं. काटा पन्नासवर आहे, तुला हवा होता तिथेच. खोली कोरडी खडखडीत झाली. आता तिथे कोणी निजत नाही.

भिंत उघडी आहे. मी ती गवंड्याकडून बुजवून घेणार नाही. एक दिवस नको म्हणाले होते, आता कितीही दिवस राहू दे. सांधा ज्याने केला त्याने येऊन करायचा. टेप त्याने येतानाच आणायची, दोन जास्त. दोऱ्याचा डबा मी कुलपात ठेवला आहे.

लोभ तुझ्यावर आहे तेवढा आहे, वाढवायला जागा नाही.

आणि या पत्राचं उत्तर तू द्यायचं नाहीस. तुझ्या अक्षरातलं पाकीट आलं तर न फोडता परत धाडीन. उत्तर त्याने लिहायचं, स्वतःच्या हाताने. पेन्सिलीने लिहिलं तरी चालेल, एक ओळ चालेल. कुठल्या तारखेला येतो, तेवढीच.

आजी